सोसायटीची सावली

आमच्या हट्ट्यात ‘सोसायटी’ या शब्दाचा अर्थ एकच : विविध कार्यकारी सेवा सहकारी सोसायटी. पेरणीच्या तोंडावर माणसं तिथं पीककर्जासाठी जातात, खताला रांग लावतात आणि सुगी बुडाली की सेक्रेटरी दिसताच दुसऱ्या गल्लीनं घर गाठतात. ‘त्याची सोसायटी थकलीय’ असं कुणाविषयी बोललं गेलं, की त्याच्या घरच्या सोयरिकीसुद्धा अडतात. त्यामुळं १९८४ साली ‘विलेपार्ल्याला सोसायटीत घर घेतलं’ असं मी थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, कळवलं, तेव्हा त्यांचं उलटटपाली कार्ड आलं : ‘मुंबईला जाऊनही सोसायटीतच अडकलास. किती थकलंय ते कळव. हळदीचे पैसे आले की पाठवतो.’

कार्ड वाचून घरात सगळे हसले. पण आबांचा घोटाळा वाटतो तेवढा मोठा नव्हता. वसमत तालुक्यातल्या शेतकऱ्याची सोसायटी आणि पार्ल्यातल्या नोकरदाराची सोसायटी या एकाच घरातल्या दोन लेकी आहेत. १८७५ साली सुपे आणि आसपासच्या गावांत कर्जानं गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या चोपड्या जाळल्या. त्या दंग्यांनंतर शेतकऱ्याच्या कर्जाचं काय करायचं, याचा खल सरकारदरबारी वर्षानुवर्षं चालला. त्यातूनच पुढं १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तो फक्त कर्जापुरता होता. १९१२ मध्ये त्याची जागा अधिक मोकळ्या कायद्यानं घेतली आणि कर्जाखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागली. मग १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. गृहनिर्माणातल्या सहकाराची आपल्याकडची पायवाट पाडणाऱ्या पहिल्या काही संस्थांमध्ये तिचं नाव घेतलं जातं.

तिच्यामागं होते श्रीपाद सुबराव तालमकी. त्यांनीच १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावानं शामराव विठ्ठल सहकारी बँक काढली होती. आधी पत आणि मग घर, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. १८९६ च्या प्लेगनं मुंबईच्या चाळींची दशा उघडी पाडली होती. कारवार-मंगळूरकडून आलेल्या कारकुनाला परवडणारी, हवेशीर आणि उद्या मालक हाकलून देणार नाही अशी जागा हवी होती. गावदेवीत त्याला ती मिळाली. पण तिथली जागा कुणी ‘विकत’ घेतली नव्हती. इमारत सोसायटीची. राहणारा त्या सोसायटीचा सभासद आणि तिचाच भाडेकरू. आपणच आपले घरमालक आणि आपणच आपले बिऱ्हाडकरू, ही कल्पना तेव्हाच्या मुंबईला पचायला जड गेली असली पाहिजे. मला तर ती आजही दर महिन्याचं मेंटेनन्सचं बिल हातात पडलं की नव्यानं जड जाते.

आमची सोसायटी त्या मानानं तरुण. १९६६ ची नोंदणी, १९६८ ची इमारत. तळमजला अधिक तीन मजले, चोवीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आमच्या लोखंडी कपाटातल्या लॉकरमध्ये, दागिन्यांच्या डबीखाली, घडी पडलेलं शेअर सर्टिफिकेट आहे. पन्नास रुपयांचा एक याप्रमाणे दहा शेअर, एकूण पाचशे रुपये. आयुष्याची कमाई, प्रॉव्हिडंट फंडाचं कर्ज, सासूबाईंनी मोडलेल्या पाटल्या हे सगळं त्या पाचशे रुपयांच्या कागदाच्या मागं उभं आहे. आमच्या चार भिंती आम्ही आमच्या म्हणतो, जिना मात्र सगळ्यांचा. गच्ची सगळ्यांची, पाण्याची टाकी सगळ्यांची. आणि या लेखापुरतं महत्त्वाचं म्हणजे कंपाउंड सगळ्यांचं.

या कंपाउंडात एकतीस झाडं आहेत. नारळ सर्वांत जास्त. तीन आंबे, एक जांभूळ, दोन बकुळी, एक सोनमोहोर, कोपऱ्यात अशोकाची रांग आणि कुणी लावला हे कुणालाच आठवत नाही असा एक रामफळ. बहुतेक पहिल्या सभासदांनी लावलेली. पार्लं हे मुळातच वाड्या-बागांचं गाव. लोकमान्यांच्या मृत्यूनंतर १९२१ साली इथं पार्ले टिळक विद्यालय निघालं, १९२३ साली लोकमान्य सेवा संघ उभा राहिला, आणि शाळा, व्याख्यानं, ग्रंथालय यांच्या आजूबाजूला मध्यमवर्गीय घरांची वस्ती दाटत गेली. बंगले पाडून इमारती आल्या तेव्हाही झाडांना फार हात लागला नाही, कारण इमारती बुटक्या होत्या आणि सभोवती मोकळी जागा सोडलेली होती. मी राहायला आलो तेव्हा संध्याकाळी वारा पडला की बिस्किटांच्या कारखान्याचा गोड वास थेट स्वयंपाकघरात यायचा. २०१६ मध्ये तो कारखाना बंद झाला. वास गेला, झाडं राहिली.

झाडांचा कारभार हा आमच्या सोसायटीच्या इतिवृत्तातला सर्वांत वाचनीय भाग आहे. नारळ उतरवायला माणूस कधी बोलवायचा, तो दर झाडामागं किती घेणार, उतरलेले नारळ चोवीस घरांत कसे वाटायचे. एका वर्षी एकशे एकोणपन्नास नारळ निघाले. प्रत्येकी सहा वाटून पाच उरले. ते वॉचमनला द्यावेत की गणपतीच्या प्रसादाला ठेवावेत, यावर पंचवीस मिनिटं चर्चा झाल्याची नोंद आहे (वॉचमनला दोन, गणपतीला तीन). वाळलेली झावळी कुणाच्या स्कूटरवर पडली तर नुकसानभरपाई कुणाची? आंब्याची फांदी पहिल्या मजल्याच्या खिडकीत शिरली, तर तिच्या कैऱ्या खिडकीवाल्याच्या की सोसायटीच्या? हे प्रश्न सुटले नाहीत, पण दर वर्षी निघाले. ज्या घरात वर्षभर एकमेकांकडं जाणं-येणं नाही, त्या घरातली माणसंही कैऱ्यांच्या दिवसात पिशवी घेऊन खाली येतात.

आबा १९९१ मध्ये एकदाच मुंबईला आले. परभणीहून रेल्वेनं निघाले, सकाळी दादरला उतरले. पहिल्या दिवशी घराकडं त्यांनी फारसं पाहिलंच नाही. कंपाउंडात एक चक्कर मारली, जांभळाच्या बुंध्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘हे झाड कुणाचं?’

मी म्हटलं, ‘सगळ्यांचं.’

‘म्हंजे भांडायचं कुणाशी?’

हा प्रश्न ज्यानं शेती पाहिलेली नाही त्याला गंमतीचा वाटेल. आमच्याकडं झाडावरून होणारी भांडणं बांधावरच्या झाडाची असतात. बाभूळ किंवा लिंब दोन भावांच्या बांधावर उभा असतो. खोड एकाच्या हद्दीत, सावली दुसऱ्याच्या पिकावर. सावलीखाली तूर वाढत नाही, म्हणून सावली हे नुकसान. एक भाऊ रात्रीतून फांद्या छाटतो, दुसरा पोलिसांत जातो, आणि लाकूड विकून आलं नसतं एवढे पैसे वकिलाला जातात. वाटणीत वाड्याची ढाळज कुणाकडं, बळद कुणाकडं, हे ठरवताना घरातल्या माणसांची तोंडं कायमची फिरलेली मी पाहिली आहेत. आमचा जिल्हासुद्धा वाटणीतून निघालेला : मी गाव सोडलं तेव्हा हट्टा परभणी जिल्ह्यात होतं, १ मे १९९९ पासून ते हिंगोलीत आलं. वाटणीला मी वाईट म्हणत नाही. पण जे वाटता येत नाही त्याचं काय करायचं, याचं उत्तर भाऊबंदकीत नाही. ते शोधायचा प्रयत्न सोसायटीच्या उपविधींत आहे. ती पुस्तिका रुक्ष असते, कुणी वाचत नाही. वाचावी असं माझं मत आहे.

उदाहरणार्थ, मेंटेनन्स. देखभालीचा सेवाशुल्काचा भाग लहान-मोठ्या सगळ्या घरांना सारखा. पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर. सिंकिंग फंड दर वर्षी बांधकामखर्चाच्या किमान पाव टक्का. गच्ची गळली तर खर्च सोसायटीचा, वरच्याच्या न्हाणीघरातून खालच्याच्या छतावर ओल आली तर तो त्या सभासदाचा (आणि भिंतीतलं पाणी नेमकं कुठून येतं हे शोधण्यात दोन पावसाळे जातात). जिथं लिफ्ट आहे तिथं तिचा खर्च सगळ्यांनी सारखा सोसायचा, तळमजल्यावाल्यानंही. या एका वाक्यामुळं आमच्याकडं तीस वर्षांत तीनदा लिफ्टचा ठराव पडला. तळमजल्यावरचे म्हणायचे, आम्ही कशासाठी? तिसऱ्या मजल्यावरचे म्हणायचे, मग पंपाच्या विजेचे पैसे आम्ही एकट्यांनी भरायचे का? कोण चूक होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

सोसायट्यांचं सगळंच गोड नाही, हेही सांगितलं पाहिजे. गावदेवीची पहिली सोसायटी एका ज्ञातीची होती, आणि त्या काळात ते स्वाभाविकही असेल. पुढं आपल्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानं खुलं सभासदत्व सांगितलं. तरी २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सभासदत्व समाजापुरतं ठेवणारा उपविधी मान्य केला. आणि लिहिलेल्या नियमांपेक्षा न लिहिलेले नियम जास्त चालतात. ‘तुम्ही काय खाता?’ हा प्रश्न घर पाहायला गेलेल्या किती मराठी माणसांना विचारला गेला असेल! १९८४ मध्ये मलाही एका इमारतीत तो विचारला गेला होता; ती इमारत मी सोडून दिली. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला जागा नाकारल्याचा प्रकार गाजला, तेव्हा सगळ्यांना धक्का बसल्यासारखं झालं. मला धक्का बसला नाही. गावातही कुणी कुठल्या गल्लीत राहायचं हे जन्मानं ठरलेलं होतं, आणि ज्यांना गावकुसाबाहेर राहावं लागलं त्यांना कंपाउंडाची ही भाषा नवी नाही.

पण आज लिहायला बसलो ते या कारणानं नव्हे. आमची इमारत आता पडणार आहे.

पार्ल्यात गल्लोगल्ली हेच चाललंय. पत्र्याचं कुंपण, धूळ, वर्षभरात नवा मनोरा. आमच्याकडं स्लॅबच्या सळया दिसू लागल्या, स्ट्रक्चरल ऑडिट झालं, आणि पुनर्विकासाचा विषय सभेत आला. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयाप्रमाणं सभा घ्यायची : दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान एक्कावन्न टक्क्यांची संमती, निबंधक कार्यालयाचा माणूस हजर, चित्रीकरण चालू. बिल्डरनं पडद्यावर चित्रं दाखवली. सध्याच्या जागेपेक्षा सुमारे तिसरा हिस्सा जास्त कार्पेट, बांधकाम चालू असेतो भाडं, हाती काही रक्कम, दोन लिफ्ट, प्रत्येकाला एक पार्किंग. चित्रात भरपूर झाडं होती. ती कुठं उगवली आहेत हे मी नकाशावर शोधलं, तर ती दुसऱ्या मजल्याएवढ्या उंचीवर, पार्किंगच्या छतावर होती.

हे समजून घेण्यात माझे दोन महिने गेले, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. पार्लं विमानतळाला खेटून आहे. विमानांच्या वाटेमुळं इथं इमारतीच्या उंचीला मर्यादा असते. दुसऱ्या उपनगरात बिल्डर वर वीस-पंचवीस मजले चढवतो आणि खाली थोडी जमीन मोकळी सोडू शकतो. इथं तेवढं वर जाता येत नाही. मग तेवढंच बांधकाम आडवं पसरतं. गाड्यांसाठी तळघर खणायचं तर ते कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जातं. शिवाय अग्निशमन दलाची गाडी फिरेल एवढा पक्का रस्ता इमारतीभोवती लागतो, आणि तो लागलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. या सगळ्यात जिच्या खाली खडकापर्यंत दुसरं काही नाही अशी माती उरतच नाही. छतावरच्या तीन-चार फूट मातीत चाफा येतो, जांभूळ येत नाही.

कायदा झाडांच्या बाजूनं आहे. १९७५ चा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा आहेच. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांच्या झाडाला ‘पुरातन वृक्ष’ म्हटलं, आणि एक झाड तोडायचं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितलं. आमचं जांभूळ अंदाजे पंचावन्न वर्षांचं. म्हणजे पंचावन्न झाडं. एकट्या जांभळाची! ती पार्ल्यात कुठं लावणार? कुठल्या तरी दूरच्या मोकळ्या जागेत रोपं लागतील, त्यांची यादी फाइलीत लागेल. पुनर्रोपण करू, असं बिल्डरचा माणूस म्हणाला. फांद्या छाटून, मुळांचा गड्डा बांधून क्रेननं उचललेलं जुनं झाड नव्या जागी तग धरेल याची हमी कुणी द्यायची, या प्रश्नावर त्यानं पुढची स्लाइड लावली.

मी सभेत उभा राहून हे सगळं बोललो. बऱ्यापैकी बोललो असेन, कारण दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बोलल्या. वय ब्याऐंशी, दोन्ही गुडघे गेलेले. त्या दिवशी चार मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं होतं.

‘अण्णा, तुमचं सगळं खरंय,’ त्या मला म्हणाल्या. ‘बकुळ मी लावलीय, तुम्ही यायच्या आधी. पण त्या बकुळीखाली मी शेवटची कधी उभी राहिले सांगू? कोविडच्या आधीच्या दसऱ्याला. मला वरून नुसता शेंडा दिसतो. मला लिफ्ट पाहिजे.’

सभेत कुणी काही बोललं नाही. चित्रीकरण करणाऱ्या मुलानंही कॅमेरा खाली घेतला. तीनदा पडलेला लिफ्टचा ठराव त्या खोलीतल्या प्रत्येकाला आठवला असणार. इमारत दुरुस्त करून वर लिफ्ट लावावी, असाही पर्याय आम्ही वास्तुविशारदाकडं नेला होता. जुन्या सांगाड्याला तो भार सोसणार नाही, असं त्यानं लेखी दिलं. स्वयंपुनर्विकासाचाही विचार झाला. २०१९ मध्येच शासनानं त्यासाठी धोरण आणलं आहे. पण चोवीसपैकी सतरा घरांत पेन्शन हेच उत्पन्न, कर्जाच्या कागदावर सही करायला हात पुढं येईनात. आबा असते तर म्हणाले असते, शेवटी थकबाकीपाशीच आलात.

मत देताना मी पुनर्विकासाच्या बाजूनं हात वर केला. काकूंसाठी केला असं म्हणणं सोपं आहे, पण माझेही गुडघे सत्तरीचे आहेत. ठराव मंजूर झाला : एकवीस विरुद्ध तीन. मात्र त्याला एक उपसूचना जोडली गेली, ती माझी नव्हे. पहिल्या मजल्यावरची मुलगी आर्किटेक्चर शिकतेय. तिनं नकाशावर पूर्वेच्या भिंतीलगत एक पट्टी आखून आणली. साडेचार मीटर रुंद. तेवढ्या पट्टीखाली तळघर न्यायचं नाही, वर फरशी घालायची नाही. त्या पट्टीत जांभूळ, एक आंबा, दोन्ही बकुळी आणि सात नारळ, अशी अकरा झाडं आहेत. बाकीची वीस जातील, हे तिनं स्पष्ट सांगितलं. रामफळही जाईल.

बिल्डरच्या वास्तुविशारदानं हिशेब केला. पट्टी सोडली तर तळघरातल्या नऊ गाड्यांची जागा जाते. फुकट काही नाही, नऊ सभासदांनी पार्किंगवरचा हक्क लेखी सोडावा, मग पट्टी राहील. ही अट अन्यायाची आहे असं मला वाटत नाही. झाड सगळ्यांचं असलं की त्याची किंमत कुणी मोजायची हे कधीच कळत नाही. या अटीनं निदान रांग तरी लागली. अर्ज सेक्रेटरींच्या घरी ठेवला. पहिली सही काकूंची. त्यांच्याकडं कधीच गाडी नव्हती, पण पार्ल्यात पार्किंगची जागा म्हणजे लाखांचा ऐवज, आणि त्यांचा मुलगा पुण्याहून फोन करून हे त्यांना समजावत होता. दुसरी माझी. तिसरी सही ज्यानं केली तो १९९७ पासून आंब्याच्या फांदीवरून माझ्याशी बोलत नाही. अजूनही बोलत नाही.

काल रात्रीपर्यंत सात सह्या झाल्या आहेत. करारनाम्याचा मसुदा वकिलाकडं गेलाय, तो पंधरा तारखेला परत येईल. महापालिकेचा माणूस येऊन खोडांवर आकडे रंगवून गेला, एक ते एकतीस. जांभळावर चौदा लिहिलंय. लहान मुलांनी त्या आकड्यांचा लपाछपीत उपयोग सुरू केला आहे, ‘मी सोळाच्या मागं’ असं ओरडतात.

दोन गाड्या अजून बाकी आहेत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात तीन आहेत. आज दुपारी जेवणं झाली की सेक्रेटरी आणि मी तिकडं जाणार आहोत.